पाहुणे खूश होऊन गेले, मग परत का नाही आले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ आला की आपल्या पेपरात दरवर्षी बातमी असते, किनारे फुल्ल, हॉटेलं फुल्ल, मालवण जेटीवर रांगा. वाचून बरं वाटतं, का नाही वाटणार, आमच्या तारकर्ली-देवबाग पट्ट्यातल्या कितीतरी घरांची चूल आता याच धंद्यावर पेटते. पण त्या बातमीत एक गोष्ट कधीच नसते म्हणून हे पत्र लिहितेय. आलेल्यातले परत आलेले किती? मागच्या वर्षी येऊन गेलेला माणूस यंदा आला का, आणि नसेल आला तर का नाही आला? सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून आपण आलेली डोकी मोजतोय, परत आलेली कोणी मोजताना मला तरी दिसलं नाही.

मी घरच्या होमस्टेचं बघते. कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बीए केलं होतं, तो नाद काही सुटला नाही, त्यामुळे पर्यटक परत का येतात यावर जे संशोधन झालंय ते मिळेल तसं वाचत असते. त्या वाचनातून आणि आमच्या पडवीत बसणाऱ्या माणसांकडे बघून माझं एक पक्कं मत झालंय की परत यायचं का हे माणूस इथं वाळूत बसून ठरवत नाही, ते तो घरी गेल्यावर आठवणीतून ठरवतो, आणि आपण ज्याची जाहिरात करतो त्या गोष्टी त्या आठवणीत मागच्या बाकावर असतात, पुढे बसलेल्या असतात त्या गोष्टी ज्यांच्याकडे आपलं लक्षच नसतं.

डॅनियल कानेमन म्हणून मोठे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, २०२४ मध्ये वारले. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ सालचा एक प्रयोग आहे. माणसांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या शेवटच्या ३० सेकंदांत पाण्याचा गारठा हळूहळू जेमतेम एक अंशाने कमी केला. मग विचारलं, यातलं पुन्हा करायचं झालं तर कुठलं कराल? जास्त जणांनी लांबलेलं निवडलं. म्हणजे त्रास जास्त वेळ, तरी तेच बरं वाटलं, कारण शेवट जरा सुसह्य होता. कानेमन यांचं म्हणणं असं की आपलं मन अख्ख्या अनुभवाची बेरीज करून ठेवत नाही, त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट एवढंच धरून ठेवतं, मधला वेळ किती होता ते जवळपास विसरतं.

आता हे आपल्या पर्यटनाला लावून बघा. माणूस तीन दिवस राहतो, किल्ला बघतो, देवबागच्या खाडीतल्या त्सुनामी आयलंड नावाच्या वाळूच्या बेटावर जातो, सुरमई खातो, सगळं छान. आणि शेवट कसा होतो? चेकआउटची घाई, बिलावर वादावादी, गाडीच्या वेळेला रिक्षा मिळत नाही आणि मिळाली तर भाडं तोंडाला येईल ते, स्टेशनवर पोरं भुकेली, वर गाडी लेट. हाच शेवट घेऊन तो घरी जातो.

आमच्याकडे एक पुण्याचं कुटुंब येतं. त्याआधी ते दुसरीकडे उतरायचे, नाव घेत नाही. तिथलं जेवण उत्तम होतं हे ते आजही सांगतात. पण निघायच्या सकाळी, सामान गाडीत टाकून झाल्यावर बिल हातात आलं आणि त्यात जादा गादीचे वेगळे, गरम पाण्याच्या बादल्यांचे वेगळे, गाडी अंगणात लावल्याचे वेगळे. रक्कम काही फार नव्हती. पण आजी गाडीत बसलेली, मुलगी काचेतून बघतेय आणि बाप फाटकात उभा राहून बादल्या मोजतोय, हे चित्र त्यांच्या डोक्यातून जाईना. तीन दिवसांची सुरमई त्या बादलीत बुडाली. आम्ही हिशोब आदल्या रात्री जेवणं झाली की निवांत करतो, पडवीत बसून, काय कशाचे ते सांगून, आणि सकाळी पैशाचा विषय काढायचा नाही असा घरातला नियमच आहे. सकाळी घावणे आणि चहा, वाटेत खायला खाजाची पुडी, रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवलेली, भाडं किती ते पाहुण्याला आधीच माहीत, आणि घरातलं कोणीतरी बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, सोडायला जातं. याला खर्च काय येतो सांगा, जवळपास काहीच नाही.

आणि तीव्र क्षण म्हणाल तर तोही आपल्याला वाटतो तिथं नसतो. आपल्याला वाटतं पॅरासेलिंग, बनाना राईड. असेलही काहींना. पण आमच्याकडून गेलेल्या माणसांचे नंतर जे मेसेज येतात त्यात रापण फार वेळा असते, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. सकाळी किनाऱ्यावर रापणीचे दोर ओढताना बघून एखादा पाहुणा चपला काढून हात लावतो, मग त्याची बायको, मग पोरं, दोर ओला आणि खरखरीत, तळहात लाल होतात, पाय वाळूत रुततात, आणि जाळं जवळ आल्यावर त्यात चांदीसारखी तारली फडफडताना दिसली की मोठी माणसंसुद्धा ओरडतात. रापणकर हसतात आणि पोराच्या हातात चार बांगडे ठेवतात. घरी आणून ते बांगडे तिरफळ घालून केले की ते पोर ते जेवण विसरत नाही. यात तिकीट नाही, स्लॉट नाही. माणसाने स्वतः काहीतरी केलं, इथल्या माणसांबरोबर केलं, म्हणून ते मनात रुतलं. पर्यटनाच्या आठवणींवर ज्यांनी अभ्यास केलाय त्यांच्या यादीतही हेच सापडतं, स्वतःचा सहभाग, स्थानिक जीवनाशी संबंध, नवेपणा, मन ताजं होणं.

आता पैशाकडे येते, कारण माझ्या मते आपलं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतंय. महाग असण्याने माणूस तुटत नाही, फसवल्यासारखं वाटल्याने तुटतो. कानेमन, नेच आणि थेलर या तिघांचा १९८६ चा अभ्यास आहे, त्यात लोकांना विचारलं होतं की दुकानदार बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला विकतो, रात्री मोठं हिमवादळ झालं आणि सकाळी त्याने किंमत २० डॉलर केली, हे बरोबर का? ८२ टक्के लोकांनी अन्याय म्हणून सांगितलं. पण त्याच अभ्यासात हेही आहे की दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून त्याने भाव वाढवला तर लोक समजून घेतात. माणूस नडलाय म्हणून भाव वाढवला की मात्र चीड येते, आणि ती चीड लक्षात राहते.

आपल्याकडे ३१ डिसेंबरला काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. एरवीची रूम तिप्पट रेटने, आणि कहर म्हणजे फोनवर एक रेट, आल्यावर दुसरा. मेनूकार्डावर मासळीच्या थाळीसमोर ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहायचं आणि भाव सांगायचा जेवण झाल्यावर. अहो, मासळीचा भाव वरखाली होतो हे आपल्याला कळतं, नागपूरच्या माणसाला कसं कळणार? त्याला सांगा ना की आज लिलावात सुरमई महाग गेली, थाळी एवढ्याला पडेल, नको असेल तर बांगडा घ्या, बांगडा आज फर्स्टक्लास आहे. संध्याकाळी बंदरावर लिलाव बघायलाच घेऊन जा. ज्याने लिलावाची बोली स्वतःच्या कानाने ऐकली तो थाळीच्या भावावरून भांडत नाही, उलट घरी जाऊन चार जणांना सांगतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या काळात ताजी पापलेट म्हणून बर्फातली खपवायची नाही, सरळ सांगायचं की आता सुकटं, सोडे, तिसऱ्या मिळतील ते खा. पाहुण्याला खोटं कळतं, तिथं नाही कळलं तर घरी गेल्यावर कोणीतरी सांगतं.

कारण वाईट आठवण चांगल्या आठवणीपेक्षा भारी पडते, हेही मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसून आलंय. दहा गोष्टी चांगल्या केल्या आणि एक माणूस उर्मट भेटला तर तो एकच बोलला जातो. आणि तो आता फक्त घरात बोलला जात नाही, गुगलवर लिहिला जातो, फॅमिली ग्रुपवर जातो. आइसेक आयझेन यांचा एक सिद्धांत आहे, १९९१ च्या त्यांच्या लेखामुळे पर्यटनाच्या अभ्यासात तो फार वापरला जातो. माणसाचा एखादी गोष्ट करायचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो, त्याला स्वतःला ती कशी वाटते, त्याच्या जवळच्या माणसांना ती कशी वाटते, आणि ती करणं आपल्याला जमेल असं त्याला वाटतं का. यातलं दुसरं म्हणजे तो फॅमिली ग्रुप. एका मावशीने लिहिलं की कोकणात लुटतात, की पुढच्या मे महिन्याचा बेत फिरला, मग तुमचा समुद्र कितीही निळा असो.

तिसऱ्या गोष्टीचं, म्हणजे येणं जमण्याचं, तर काय बोलावं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ ला सुरू झालं, इतकी वर्षं पाहुणे त्या रस्त्याच्या गोष्टी सांगत येतात. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाचा त्रास वाचतो असं येणारे सांगतात, ते चांगलंच झालं. पण रेल्वेचं तिकीट मे महिन्यात आणि गणपतीत मिळतं का कोणाला? बुकिंग उघडतं ६० दिवस आधी आणि मिनिटांत वेटिंग. आमच्या जिल्ह्यातलं चिपीचं विमानतळ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं तेव्हा आम्हाला केवढी आशा होती, पण विमानं नेमाने चालतील तर ना लोक त्या भरवशावर बेत करणार. ज्याला मनापासून परत यायचंय पण कसं यायचं तेच जमत नाही, तो सुद्धा ‘न आलेल्यांत’च मोजला जातो, आणि आपण इथं बसून म्हणतो की लोकांना आता गोवाच आवडतो.

भीतीचंही तसंच. मे २०२२ मध्ये तारकर्लीत स्कूबाची बोट उलटून दोघांचा जीव गेला. त्यानंतर कितीतरी दिवस फोनवर पहिला प्रश्न तोच असायचा, आमच्याकडे बोट नाही तरी. लहान पोराला लाइफ जॅकेट न घालता बोटीत बसवणारा एक जण सगळ्या किनाऱ्याच्या पोटावर पाय देतो, कारण आईच्या मनात एकदा धास्ती बसली की ती परत त्या पाण्याकडे पोराला आणत नाही.

आता जे येतात ते का येतात ते बघू, कारण तेही बघितलं पाहिजे. गिटेलसन आणि क्रॉम्प्टन या दोघांनी १९८४ मध्ये एकाच जागी पुन्हा पुन्हा सुट्टीला जाणाऱ्या लोकांना विचारून पाच कारणं काढली होती. नवीन जागी फसायची जोखीम नको, तिथं आपल्यासारखी माणसं भेटतील याची खात्री, जागेशी जीव जडलेला, मागच्या वेळी बघायचं राहिलेलं बघायचं, आणि आपल्याला आवडलेलं आपल्या माणसांना दाखवायचं. चाळीस वर्षं झाली त्या अभ्यासाला, आणि माझ्या अंगणात बसून मला या पाचही जातीची माणसं दाखवता येतील.

सांगलीचं एक वयस्कर जोडपं आहे. दोघांना कोपऱ्यातली तीच खोली लागते, माडाकडे खिडकी असलेली, ती मिळणार नसेल तर तारीख बदलतात. येताना आमच्यासाठी बेदाणे आणि घरची हळद घेऊन येतात, जाताना कोकमाचं आगळ नेतात. ते समुद्रावर फारसे जातही नाहीत. काका गुरुवारी मासे खात नाहीत, काकूंना सोलकढीत मिरची नको, हे मला विचारावं लागत नाही, कारण आमच्याकडे एक वही आहे, साधी दोनशे पानी, त्यात प्रत्येक घराचं असं लिहिलेलं असतं. कोणाचा मुलगा दहावीला होता, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला खालचीच खोली लागते. पुढच्या वेळी फोन आला की आधी वही काढायची. मुलगा पास झाला का हो, एवढं विचारलं की पलीकडचा आवाजच बदलतो. मोठ्या हॉटेलांकडे यासाठी कॉम्प्युटर असतात म्हणे, पण आपल्या होमस्टेवाल्यांकडे जी ओळख ठेवायची सवय आधीपासून आहे ती धंदा वाढला की पहिली आपणच सोडून देतो, ऑनलाइन बुकिंगवर आलेला माणूस खोली नंबर चार होऊन जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि दुसरी बाजूही आहे, पूर्ण खूश होऊन गेलेला माणूसही परत येत नाही, कारण त्याला नवीन जागा बघायच्या असतात. तरुण पोरं तर बहुतेक अशीच, यंदा कोकण, पुढच्या वर्षी हिमाचल. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, माणसाच्या मनाला नवीन लागतंच. पण मग आपण त्याला इथलंच दुसरं काहीतरी का नाही दाखवत? सकाळी डॉल्फिन, मग स्कूबा, मग आयलंड, दुपारी किल्ला, संध्याकाळी सनसेट, असं एका दिवसाचं पॅकेज करून आपण त्याचं कोकण एका दिवसात संपवून टाकतो. त्याला वाटतं झालं सगळं बघून. त्याने न बघितलेलं केवढं असतं! कार्तिकानंतरच्या जत्रा आणि रात्रभर चालणारा दशावतार, आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा, पावसातली भातलावणी, मे मधली जांभळं करवंदं, श्रावणातली पातोळी. हे सगळं त्याला निघताना सांगितलं पाहिजे, तेही ‘पुन्हा या’ असं मोघम नाही तर ‘जत्रेची तारीख ठरली की कळवते’ असं, आणि मग खरंच कळवायचं.

वेळासचं उदाहरण मला फार आवडतं. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव, तिथं २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सांभाळायला सुरुवात केली. पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांमध्येच राहतात, घरचंच जेवतात. पण पिल्लं कधी बाहेर येतील हे कोणाच्या हातात नाही. कधी पहाटे उठून गेलं तर अंड्यांच्या जागेवर झाकलेल्या टोपलीखाली काहीच नाही. मला वाटतं हेच त्या जागेचं बळ आहे, काहीतरी राहून गेलेलं असतं, आणि ज्या घरात राहिलो ती माणसं ओळखीची झालेली असतात, मग पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाय आपोआप तिकडे वळतात. तिथं एसी, स्विमिंग पूल लागला नाही.

आता मागणी. जिल्हा प्रशासनाने, पर्यटन विभागाने आणि आमच्या व्यावसायिक संघटनांनी मिळून एक छोटी पाहणी सुरू करावी. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी स्टेशन आणि मालवण जेटी इथं परत निघालेल्या माणसाला चार प्रश्न विचारायचे, आधी आला होतात का, पुन्हा यावंसं वाटतं का, सगळ्यात जास्त काय आवडलं, कशाने मन खट्टू झालं. आणि तेवढ्यावर थांबायचं नाही, कारण फाटकात उभं राहून ‘नक्की येणार’ सगळेच म्हणतात, ते भिडेपोटी असतं, इरादा असणं आणि प्रत्यक्ष येणं यात फार अंतर पडतं. ज्यांनी नंबर दिला असेल त्यांना वर्षाने एक व्हॉट्सॲप मेसेज करायचा, आलात का, नाही आलात तर काय अडलं. कॉलेजची पोरं हे काम आनंदाने करतील, प्रोजेक्टही होईल त्यांचा. सोबत रूमचे सीझन आणि ऑफसीझनचे दोन्ही रेट दारावर लावायची सक्ती आणि स्टेशनपासून किनाऱ्यापर्यंत रिक्षाच्या भाड्याचा ठळक बोर्ड, एवढं दोन गोष्टींचं तरी यंदाच्या दिवाळीआधी व्हावं. आमच्यातले काही जण यावर नाराज होतील ते मला माहीत आहे, पण रेट लावायला लाज कसली, आपलाच रेट आहे ना.

आणि संपादकसाहेब, तुमच्याकडेही एक विनंती. आपला पेपर पुण्या-मुंबईत, कोल्हापूर-सांगलीत वाचला जातो. जे कोकणात येऊन गेले, पुन्हा यायचं म्हणाले आणि आले नाहीत, अशा वाचकांकडून पत्रं मागवा. कुठं उतरले होते त्याचं नाव नको, गाव, महिना आणि कारण एवढं पुरे. कितीही कडू असो, छापा. इथं आम्ही ती कात्रणं जमवून आमच्या होमस्टेवाल्यांच्या बैठकीत वाचून दाखवू.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग